प्रागमधला शेवटचा दिवस, आणि तिथे पैसे बदलणाऱ्यांपासून सावध राहा

प्रागला जाणार असाल तर जुन्या शहरात रोख युरो बदलू नका, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ड्रेस्डेनचं सेमिस्टर संपलं, घरी यायचं विमान प्रागहून होतं म्हणून शेवटचा अख्खा दिवस तिथे ठेवला होता आणि त्यातला चांगला वेळ एका मनी एक्स्चेंजच्या खिडकीशी भांडण्यात गेला.

झालं असं की रूममेटकडे १०० युरोची नोट उरली होती. तेव्हा एका युरोला साधारण २५ कोरुना (तिथलं चलन) असा दर चालू होता. बाहेर बोर्डवर मोठ्ठ्या अक्षरात शून्य टक्के कमिशन आणि खाली छान दिसणारा आकडा, पण तो आकडा ते आपल्याला युरो विकतात त्याचा, आपले युरो घेतात तो दर कुठेतरी कोपऱ्यात बारीक. तिच्या हातात पडले १,७०० कोरुना! म्हणजे सरळ सरळ ८०० ची लूट, आणि एका स्टुडंटसाठी ८०० कोरुना म्हणजे दोन दिवसांचं जेवण.

आता हे नीट लक्षात ठेवा. २०१९ पासून तिथे कायदा आहे, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच दुकानात जाऊन रद्द करता येतो, त्यामुळे पावती फेकू नका. आम्ही परत गेलो तर खिडकीतला माणूस आधी ऐकूच येत नाही असं दाखवत होता. चेक नॅशनल बँकेकडे तक्रार करू म्हटल्यावर गपचूप नोट परत दिली. या दुकानांवर त्या बँकेचीच देखरेख असते, म्हणून ते नाव घ्यायचंच. आणि रस्त्यात कोणी जवळ येऊन चांगला रेट देतो म्हणाला तर थांबूसुद्धा नका, दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा हातात टेकवतात. खरं तर रोख लागतच नाही, ट्रॅममधेसुद्धा कार्ड टॅप करून तिकीट मिळतं. एटीएममधून काढायचेच असतील तर मशीन "तुमच्या चलनात बदलून देऊ का" विचारतं तेव्हा नाही म्हणा.

जुन्या चौकातल्या स्टॉलवर भाजलेलं हॅम घेणार असाल तर आधी वजन ठरवा, पाटीवरची किंमत १०० ग्रॅमची असते आणि ते कापतात भलामोठा तुकडा. व्हेज खाणाऱ्यांनी साध्या पबमधे स्माझेनी सीर मागवा, तळलेलं चीज, पोट भरतं.

बॅगा मुख्य स्टेशनवरच ठेवा, कारण त्या दगडी गल्ल्यांतून ट्रॉली ओढणं म्हणजे चाकांची वाट लावणं. प्रागच्या किल्ल्याला खालून नेरुदोवा रस्त्याने चढत जाऊ नका. २२ नंबरची ट्रॅम पकडून प्राझ्स्की ह्राद स्टॉपला उतरा, जवळजवळ सपाट चालत आत जाता येतं, आणि येताना जुन्या पायऱ्यांनी खाली मालोस्त्रान्स्का मेट्रोला. आवार फुकट आहे, सिक्युरिटी चेकला मात्र रांग असते.

किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल बघाच, त्याला पर्याय नाही. १३४४ मधे सुरू झालं आणि १९२९ मधे पूर्ण झालं, इतक्या पिढ्यांनी एकच काम चालू ठेवलं हे आत उभं राहिल्यावर अंगावर येतं. आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराच्या काचचित्राच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि सकाळचा सगळा राग तिथे उतरला. टॉवरचं तिकीट वेगळं, २८७ गोल गोल पायऱ्या, पाय भरून आले पण वर पोचल्यावर लाल कौलांचं अख्खं शहर पायाखाली, मला तर खाली उतरूच वाटेना.

जुन्या चौकातल्या १४१० च्या खगोलीय घड्याळाचा दर तासाचा खेळ मिनिटभरात संपतो, त्यासाठी अर्धा तास गर्दीत उभं राहण्यात अर्थ नाही, आणि तिथेच पर्स सांभाळा. चार्ल्स ब्रिज सकाळी सातच्या आत. दहानंतर तिथे फक्त माणसांच्या पाठी दिसतात.

संध्याकाळी वेळ उरला तर व्हिशेराद हा जुना किल्ला. मेट्रोच्या सी लाइनने जायचं, आवारात शिरायला तिकीट नाही, गर्दी नाही, ड्वोर्झाक आणि स्मेताना या चेक संगीतकारांच्या समाध्या तिथेच आहेत.

विमानतळासाठी टॅक्सी नको. मेट्रो ए ने नाद्राझी वेलेस्लावीन, तिथून ५९ नंबरची ट्रॉलीबस, ऑफिसच्या वेळी ती भरते म्हणून हाताशी तासभर जास्तीचा ठेवा.