सिएरा नेवाडा पेल एल घरच्या घरी: माझा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या चिको गावची ही बिअर १९८० पासून निघते आणि तिच्यात काय पडतं हे कंपनी लपवत नाही. टू-रो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), थोडं कॅरमल माल्ट, कॅस्केड हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं); मद्यांश ५.६ टक्के, कडवटपणा ३८ आयबीयू (कडवटपणाचं माप). कृतीत कोडं असं नाहीच. घरची बिअर फसते ती पाणी, तापमान आणि हवा यांच्यापायी. (अमेरिकेत घरी बिअर करायची मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो, तेव्हा हे सगळं अमेरिकेतल्या हिशोबाने.)

मी पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा घाणा काढतो. ४.६ किलो टू-रो आणि ३४० ग्रॅम क्रिस्टल ६० (म्हणजे कॅरमल माल्ट), दोन्ही भरडलेलं. क्रिस्टल यापेक्षा वाढवू नये. रंग छान येतो, पण गोडसरपणा हॉप्सवर चढतो. भांडं ४० लिटरचं. ३० लिटर पाण्यात आधी कॅम्पडेनची अर्धी गोळी विरघळवायची. नळाच्या पाण्यातला क्लोरीन राहिला तर बिअरला औषधी वास येतो आणि तो काही केल्या जात नाही.

पाणी ७० अंशांवर आलं की माल्ट जाळीच्या पिशवीत घालून सोडायचं. तापमान ६७ वर स्थिरावतं. तासभर तेवढंच राखायचं. ६९-७० वर राहिलं तर न आंबणारी साखर वाढते आणि बिअर जड होते. मग पिशवी चक्क्याच्या फडक्यासारखी टांगून निथळायची, थोडी पिळली तरी चालते.

उकळी तासाभराची, झाकण उघडं. पहिला फेस वर येताना भांड्यापासून हलू नये, शेगडी चिकट होते. उकळी फुटताच मॅग्नम हॉप्स १४ ग्रॅम, शेवटची ३० मिनिटं उरली की पर्ल हॉप्स १४, शेवटच्या १० मिनिटांना कॅस्केड २८, आणि आच बंद करून आणखी ४२. ओळखीचा तो पपनसाच्या सालीचा वास या शेवटच्या ४२ ग्रॅममध्ये आहे. पाकिटावरचा अल्फा आकडा (कडवटपणा देणाऱ्या आम्लाची टक्केवारी) बघून मॅग्नम कमी-जास्त करावं. मी धरलेला १४ टक्के आहे. कॅस्केडचं पाकीट उघडल्यावर चीजसारखा वास आला तर सरळ फेकावं.

तांब्याच्या कॉइलने १८ अंशांपर्यंत गार करायचं. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) १.०५३ च्या आसपास दाखवतो. इथून पुढे जे जे वर्टला (न आंबलेल्या माल्टच्या रसाला) लागेल ते सॅनिटायझरमधून काढलेलंच हवं. फर्मेंटर (आंबवायचं भांडं) जोरात हलवून हवा मिसळायची (हवा चालते ती फक्त याच टप्प्यावर) आणि यूएस-०५ यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट घालायचं. आंबताना बिअर स्वतःच तापते, म्हणून खोलीचं नव्हे, फर्मेंटरचं तापमान बघावं. १८-१९ ठीक; २३-२४ वर फळांचा वास सुटतो, १६ च्या खाली पीचसारखी चव उतरते.

बाटलीत भरायची घाई नको. सलग तीन दिवस हायड्रोमीटरचा आकडा १.०११ च्या जवळपास हलला नाही, तरच. आंबणं बाकी असताना भरलेली बाटली फुटते. १२५ ग्रॅम कॉर्न शुगर पाण्यात उकळून, गार करून, बादलीत आधी ओतायची. वरून बिअर नळीने तळाशी सोडायची. खळखळाट झाला की हॉप्सचा वास गेलाच, महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव लागते. बाटल्या २०-२१ अंशांवर दोन आठवडे ठेवून मग फ्रिजमध्ये. तळाला यीस्टचा थर राहतो, तो ओतताना मागे ठेवावा. दुकानातली बाटली शेजारी ठेवून चव बघायची असेल तर तिच्यावरची भरल्याची तारीख आधी वाचा. जुन्या बाटलीशी तुलना करून कॅस्केड कमी करण्यात अर्थ नाही.