रिनोव्हेट केलेलं घर घेताय? भिंतीमागे काय आहे ते आधी विचारा

जुनं घर स्वस्तात घ्यायचं, थोड्या महिन्यांत चकाचक करायचं आणि नफा काढून विकायचं, असा धंदा करणाऱ्यांना फ्लिपर म्हणतात. यात गैर काही नाही, मनापासून चांगलं काम करणारेही आहेत. पण घर हातात असेपर्यंत त्याचा पैसा अडकलेला असतो, बहुतेक वेळा वर व्याजही चालू असतं, म्हणून त्याला घाई असते. शिवाय त्याला स्वतःला त्या घरात एकही पावसाळा काढायचा नसतो. मग खर्च कुठे होणार? फोटोत दिसतं तिथे. किचन, टाइल्स, फॉल्स सीलिंग, लाइट्स. पाइप, वायरिंग, वॉटरप्रूफिंग, स्लॅबमधले गज यातलं काहीच फोटोत येत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र वेगळंच आहे. हात न लावलेलं जुनं घर निदान खरं तरी सांगतं. छताला पिवळा डाग, भिंतीच्या पायथ्याशी लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग, बघणाऱ्याला लगेच कळतं की दुखणं कुठे आहे आणि त्याप्रमाणे भाव करता येतो. रिनोव्हेशनमध्ये दुखणं बरं होवो न होवो, खुणा मात्र सगळ्या जातात, आणि वर भाव चढलेला.

ओलीचंच बघा ना. पुट्टी आणि रंग मारून ओल थांबत नाही. पाणी आत यायची वाट तशीच राहते, विटांमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार रंगाच्या मागे साठत राहतात, मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. हे दिसायला काही महिने जातात, तोपर्यंत व्यवहार होऊन गेलेला असतो. म्हणून सगळ्या घरात एकाच भिंतीला ताजा रंग असेल किंवा एकाच भिंतीवर कमरेपर्यंत नवीन पॅनेलिंग असेल तर तिथेच थांबा आणि का म्हणून विचारा. मॉइश्चर मीटर लावून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

बाथरूम हा तर स्वतंत्र विषय आहे. माझ्या मैत्रिणीने असंच एक नव्याने केलेलं घर घेतलं, बाथरूम इतकं सुंदर की बघत राहावं. थोड्याच दिवसांत दाराची चौकट खालून फुगायला लागली. मिस्त्रीने कडेची टाइल उचकटली तर खाली जुनी टाइल तशीच, तिच्यावर नवी चिकटवलेली, आणि ढाळ जाळीकडे असायच्या ऐवजी दाराकडे. प्रत्येक आंघोळीचं पाणी चौकटीखाली मुरत होतं. टाइलवर टाइल नीट केली तर चालते, पण त्याने खालचं वॉटरप्रूफिंग सुधारत नाही आणि फरशीची उंचीही वाढते. घर बघायला जाल तेव्हा बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा, नाण्याने टाइल्स ठोकून बघा, पोकळ वाजली तर खाली मसाला नीट बसलेला नाही. विकणारा तयार असेल तर जाळी बंद करून 24 तास पाणी साठवून खालच्या बाजूने तपासा. विकणाऱ्याला विचित्र वाटलं तर वाटू दे.

स्लॅबचं प्रकरण याहून गंभीर. गज गंजला की गंजाला मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा लागते, त्या दाबाने काँक्रीट आतून फुटतं. आणि ते फॉल्स सीलिंगने अगदी सहज झाकता येतं! एखादा लाइट काढायला सांगा, त्या भोकातून टॉर्च मारा, वर ओलीचे डाग किंवा उघडे पडलेले गज आहेत का बघा. भिंत पाडून हॉल मोठा केलेला असेल तर त्या भिंतीवर भार होता का, असला तर आता तो कशावर आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिलेलं बघायला मागा, परवानगीचे कागदही मागा. "काही होत नाही हो" हे उत्तर धरू नका.

वायरिंग कळायला सोपं आहे. स्विच नवे आणि मागे जुनीच वायर, हे फार ठिकाणी असतं, आपल्या इलेक्ट्रिशियनकडून दोन-तीन बोर्ड उघडून घ्या, अर्थिंग तपासा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघा.

आणि तपासणारा माणूस तुमचा हवा, विकणाऱ्याने किंवा एजंटने सुचवलेला नको. काम चालू असतानाचे फोटो मागा, भिंती उघड्या असतानाचे, पाइप टाकतानाचे, वॉटरप्रूफिंगचा कोट मारतानाचे, सोबत बिलं. नीट काम केलेल्या माणसाकडे हे सहसा असतं आणि तो उत्साहाने दाखवतो. नसेल तर भाव ठरवताना असंच धरा की आतलं काम झालेलंच नाही, बाथरूम फोडून पुन्हा करायचा खर्च आणि वायरिंगचा खर्च त्यातून वजा करा, आणि गळती निघाली तर दुरुस्ती कोणी करायची ते करारात लिहून घ्या, निदान पहिला पावसाळा सरेपर्यंत.