ऊद कुणाला शोभतो?

आज दुपारभर मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरांच्या दुकानांत ऊदच, म्हणजे अगरूच्या लाकडाचं तेलकट अत्तर, हुंगत होते. बाटली उघडली की पहिला भपकारा गोठ्यासारखा, आंबूस. बहुतेक जण तिथंच नाक मुरडतात. घाई करू नका. काडीने मनगटावर एक ठिपका लावा, चोळू नका, अर्धा तास बाजारात फिरून या. मग लाकूड वर येतं: धुरकट, किंचित गोड, चामड्याच्या अंगाने जाणारं.

अगरूच्या झाडाला जखम होऊन बुरशी लागली की ते स्वतःला वाचवायला राळ तयार करतं. ती मुरलेलं काळपट लाकूड म्हणजे ऊद; निरोगी पांढऱ्या लाकडाला हा वास नसतो. आसामी ऊद उग्र खरा, पण माझा सगळ्यात लाडका.

मुंबईच्या दमट उकाड्यात तो जास्तच अंगावर येतो. लोकलने जायचं असेल तर कानामागे एकच ठिपका पुरे. पांढऱ्या कपड्यांवर नकोच, तेलाचा डाग राहतो.

मला विचाराल तर तो कमी बोलणाऱ्या, आपल्या मतावर ठाम असणाऱ्या माणसाला शोभतो, मग बाई असो वा पुरुष. सगळ्यांना लगेच आवडायची ज्याला निकड आहे, त्याने आधी गुलाब मिसळलेला ऊद लावून पाहावा.