आमची वाटचाल : कोरड्या फिल्मचा धंदा

आम्ही बॅटरीसाठी द्रवाविना आयन वाहून नेणारी पॉलिमर फिल्म बनवतो. या लाइनमध्ये उतरलो तेव्हा तिचा पॉलिमर, पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड), जुनाच झाला होता. ब्रिटिश शास्त्रज्ञ राइट यांनी १९७५ मध्ये त्यात क्षार मिसळून आयन वाहतात हे दाखवलं होतं, १९७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ आर्मां यांनी ते बॅटरीत वापरायची कल्पना मांडली. दुखणंही तितकंच जुनं. साधारण ६५ अंशांखाली पॉलिमरच्या साखळ्या स्फटिकात गोठतात आणि लिथियम जागीच अडकतो. पॅरिसच्या ऑटोलिब या भाड्याच्या इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरीसुद्धा गरम ठेवूनच चालवावी लागे. आम्ही क्रॉसलिंकिंगने, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडून, स्फटिक मोडले, फिल्म जमली, ऑर्डरी येत गेल्या. त्या वर्षांचं काय सांगायचं?

सांगायचंय ते दुसऱ्या एका कंपनीचं. त्यांनी माहितीपत्रकात खोलीच्या तापमानाला कंडक्टिव्हिटी (आयन किती सहज वाहतात त्याचं माप) १०⁻⁴ सीमेन्स प्रति सेंटीमीटर छापली आणि आमचे ग्राहक एकेक करून तिकडे गेले. साध्या पीईओचा हा आकडा असूच शकत नाही, हे कुणी विचारलं नाही. आम्ही त्यांची फिल्म मागवून टीजीएवर, म्हणजे तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली. पॉलिमर जळायच्या कितीतरी आधीच वजन उतरायला लागलं. सॉल्व्हंट! फिल्म बनवताना पॉलिमर विरघळवायला वापरलेलं ॲसिटोनायट्राइल ८२ अंशांना उकळतं खरं, पण फिल्ममध्ये ते लिथियमला धरून बसतं. राहिलेला अंश साखळ्या सैल करतो आणि कंडक्टिव्हिटी फुगते. पुढे तोच सेलमधल्या लिथियमच्या पत्र्याशी भिडतो, इंटरफेसचा (दोघांच्या सीमेवरचा) रेझिस्टन्स चढत जातो आणि सेल बसतो. ओली फिल्म सॉलिड-स्टेट म्हणून खपली, आणि आमची कोरडी म्हणे 'स्लो'.

पगार थकले. ग्लोव्हबॉक्ससाठी (हवाबंद कामाच्या पेटीसाठी) लागणारे आर्गॉनचे सिलिंडर उधारीवर आणले. ग्राहकांत टिकल्या त्या एकट्या पाउच सेल (चपट्या पाकिटातली बॅटरी) बनवणाऱ्या मॅडम. कंडक्टिव्हिटी त्यांनी कधी विचारलीच नाही. "सायकलिंगनंतरचा नायक्विस्ट पाठवा," एवढंच म्हणायच्या, म्हणजे सेल वारंवार चार्ज-डिस्चार्ज केल्यावरचा रेझिस्टन्सचा आलेख, आणि त्यातलं अर्धवर्तुळ किती फुगलंय ते स्वतः मोजायच्या. त्यांच्या ऑर्डरवर कारखाना चालला.

फिल्म एकसारख्या जाडीची पसरवणारा डॉक्टर ब्लेड अजून तोच आहे, दोन्ही टोकांना मायक्रोमीटर स्क्रू असलेला. डावा स्क्रू जरा ढिला, म्हणून प्रत्येक कास्टिंगआधी फट मोजणारा फीलर गेज फिरवतो. नवा घ्या म्हणतात सगळे. कशाला?

विषय निघालाच आहे तर सांगतो. एलआयटीएफएसआय (फिल्ममध्ये मिसळायचा लिथियमचा क्षार) वाळवल्यावर डबा ग्लोव्हबॉक्सबाहेर उघडू नका, हवेतलं पाणी लगेच ओढतं. व्हॅक्यूम ओव्हनच्या गेजवर विसंबू नका, वाफ गोठवून पकडणाऱ्या कोल्ड ट्रॅपमध्ये काय साचलंय ते बघा. आणि ४ व्होल्टच्या वर जाणारा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) कॅथोड लावून पीईओला शिव्या देऊ नका, तिथे ते ऑक्सिडाइज होणारच. कमी व्होल्टेजचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) लावा.

गेलेल्यांपैकी बरेच परत आले, मधल्या काळाबद्दल चकार शब्द न काढता. आम्हीही काढत नाही. त्यांच्या प्रत्येक रोलसोबत टीजीएचा आलेख मात्र जोडतो, मागितलेला नसला तरी.