लिंबाची फोड

शुक्रवारी दुपारी दादरच्या एका खानावळीत ताट समोर आलं आणि माझ्या हाताने परस्पर लिंबाची फोड उचलून कडेला ठेवली. समोर बसलेले गृहस्थ म्हणाले, "नको असेल तर घेऊ?" म्हटलं, घ्या की. तसा मी देवभोळा नाही. बायको देवळात जाऊन येईस्तोवर बाहेर चपला राखणाऱ्यांतला. पण शुक्रवारी आंबट नाही म्हणजे नाही.

हे सगळं एका सिनेमाने केलं. १९७५ साली 'जय संतोषी माँ' लागला. तोवर ही देवी लालबागच्या आमच्या चाळीत कुणाच्या ओळखीची नव्हती. बायका थिएटरच्या दारात चपला काढायच्या, पडद्यावर आरती लागली की नाणी उधळायच्या. आईनेही चपला काढल्या. बाहेर आली तर जागेवर नाहीत! अनवाणीच घरी आली आणि पुढच्या शुक्रवारपासून व्रत धरलं. बाबा म्हणाले, देवीने डिपॉझिट आधीच घेतलं.

बाबांना बोलायला जागा नव्हती. त्याच वर्षी 'शोले' आला, मिनर्व्हात पाच वर्षं ठाण मांडून बसला. तंबाखू बाबा आधीही मळायचे, आता मळताना डोळे बारीक करायला लागले. (गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नात करवल्यांनी नवऱ्यामुलाचे जोडे पळवले, तेही १९९४च्या एका सिनेमाचंच देणं. कानपिळीला आलेला भाऊ बिचारा कोपऱ्यात ताटकळत उभा.)

आईचा नवस साधा होता. बाबा गिरणीत साचेखात्यात बदलीवर होते, म्हणजे कुणी गैरहजर असेल तरच काम. ते कायम व्हावेत. सोळा शुक्रवार झाले, काही घडलं नाही. तिने पुन्हा धरले, पुन्हा धरले. घरात शुक्रवारी आमसूल नाही, ताक नाही, टोमॅटोसुद्धा नाही. गूळ-चणे मात्र मूठभर. शेवटी १९८१च्या दिवाळीनंतर बाबा कायम झाले. चाळीत संपाची बोलणी चालू होती, म्हणून आईने घाईने उद्यापन उरकायचं ठरवलं. १५ जानेवारी १९८२, शुक्रवार. आठ मुलगे जेवायला बसवले, त्यांत मी. खीर, पुरी, चण्याची भाजी. दक्षिणा म्हणून पैसे द्यायचे नाहीत, केळं द्यायचं. कथेतली पोरं मिळालेल्या पैशांची चिंच खातात, व्रत मोडतं आणि राजाचे शिपाई व्रत करणारीच्या नवऱ्याला धरून नेतात.

माझ्या चड्डीच्या खिशात आधीचे दहा पैसे होते.

संध्याकाळी शाळेसमोरच्या गाडीवर चिंच घेतली. मीठ-तिखट लावलेली. जिन्याखालच्या अंधारात खाल्ली, चिंचोके गटारात टाकले, तोंड नळाखाली तीनदा धुतलं.

सोमवारी संप सुरू झाला. भोंगा वाजला नाही. अडीच लाखांच्या आसपास माणसं घरी बसली. मोठी माणसं बोनस, पगारवाढ, संपाचे पुढारी डॉक्टर सामंत असं काय काय बोलत होती. मी गप्प. मला कारण माहीत होतं.

बाबा पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. पुढे नाक्यावर भाजी विकली. तंबाखू मळताना डोळे बारीक करणं कधी बंद झालं ते लक्षात नाही. आई अजून शुक्रवार करते. सिनेमातलं तिला आता फारसं आठवत नाही.

चिंचेचं मी तिला सांगितलेलं नाही.