शनिवारी साडेअकरानंतर

१९८९ च्या जुलैपासून नाताळच्या सुट्टीपर्यंत, दर शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटल्यावर, अकरावी कलाशाखेची आम्ही एकवीस मुलेमुली ग्रंथालयाशेजारच्या खोलीत थांबत असू आणि आमचे इंग्रजीचे सर आम्हाला फ्रान्झ काफ्काची ‘द ट्रायल’ ही कादंबरी वाचून दाखवीत असत. ती अभ्यासक्रमात नव्हती. तिच्यावर परीक्षेत प्रश्न येणार नव्हता आणि थांबण्याची सक्तीही नव्हती. पहिल्या शनिवारी बहुतेक जण थांबले ते दुपारची एस.टी. पाऊण वाजता असल्यामुळे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. विला आणि एडविन म्यूर या दांपत्याने केलेला, १९३७ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद सरांच्या हातात असे. ते आधी इंग्रजी परिच्छेद वाचत, मग पुस्तक उलटे ठेवून तोच मजकूर मराठीत सांगत आणि आम्ही काही बोललो तर थांबत. आज शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिताना मला त्या तासांचीच आठवण येते. कादंबरीपेक्षाही तिच्यावर आम्ही काय काय बोललो, ते मला अधिक स्पष्टपणे आठवते.

पहिल्याच वाक्यावर वर्ग अडला. जोसेफ के. या माणसाविषयी कुणीतरी काहीतरी खोटे सांगितले असले पाहिजे, कारण त्याने काहीही वाईट केलेले नसताना एके दिवशी सकाळी त्याला अटक झाली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ होता. परंतु ‘खोटे सांगणे’ याला मराठीत काय म्हणावे, यावर पंधरा मिनिटे गेली. चहाडी, चुगली, कागाळी, बदनामी, खोटी फिर्याद असे सगळे शब्द फळ्यावर लिहून झाले. चहाडी म्हटले की त्यात थोडेतरी खरे असते, असे एकाचे म्हणणे होते. दुसरा म्हणाला की फिर्याद म्हटली तर फिर्यादीचे नाव हवे, आणि इथे तर नावच नाही. सरांनी कोणताही शब्द कायम केला नाही. त्यांनी फक्त ‘असले पाहिजे’ या दोन शब्दांखाली रेघ ओढली.

त्यानंतरचा भाग ऐकताना आम्ही हसलो, आणि तेही चांगलेच मोठ्याने. तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी के. अंथरुणात न्याहारीची वाट पाहतो आणि दारातून अनोळखी माणूस आत येतो. बाहेरच्या खोलीत दोन पहारेकरी बसलेले असतात आणि त्यांनी त्याचीच न्याहारी खाऊन टाकलेली असते. त्याच्याकडे पैसे असतील तर समोरच्या कॉफीगृहातून थोडेसे काही आणून देण्याची तयारीही ते दाखवतात. त्याचे चांगले अंगचे कपडे कोठारात जमा करण्यापेक्षा आपल्याकडे दिले तर बरे, असा सल्लाही देतात. आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यासाठी के. कपाटात कागद शोधू लागतो तेव्हा त्याच्या हाताला सर्वांत आधी सायकलचा परवाना लागतो, आणि तिथे मात्र वर्गाला आवरणे अशक्य झाले. आमच्या गावात सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लावण्याची पद्धत नुकतीच बंद पडली होती आणि कित्येकांच्या घरी ते बिल्ले अजून खिळ्याला लटकत होते. शेवटच्या बाकावरून कुणीतरी ‘बिल्ला दाखव की रे!’ असे ओरडले. सर रागावतील असे मला वाटले. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि हसू संपेपर्यंत तिथेच थांबले.

पुष्कळ वर्षांनी काफ्काचा मित्र माक्स ब्रोड याने लिहिलेले त्याचे चरित्र माझ्या वाचनात आले. काफ्काने प्रागमध्ये मित्रांपुढे या कादंबरीचे पहिले प्रकरण वाचले तेव्हा ते सगळे हसत सुटले होते, आणि काफ्काला स्वतःलाही इतके हसू येत होते की मधूनमधून त्याला पुढे वाचवेना, असे त्यात लिहिले आहे. ते वाचून मला आमची ती खोली आठवली. सरांना ही हकीकत तेव्हा ठाऊक होती की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि आता विचारता येणार नाही. काफ्कावर बोलताना आवाज गंभीर करण्याची जी रीत पडली आहे, ती मला तेव्हापासून थोडी परकी वाटते.

काफ्काविषयी सरांनी फार थोडे सांगितले. त्याचा जन्म १८८३ सालचा. तो प्रागमध्ये राहून जर्मनमध्ये लिहिणारा, कायद्याची डॉक्टरेट मिळवलेला आणि कामगारांच्या अपघातविम्याच्या कचेरीत नोकरी करणारा गृहस्थ होता. ही कादंबरी त्याने १९१४ च्या ऑगस्टमध्ये लिहायला घेतली आणि पुढच्या वर्षीच्या आरंभी अपुरीच सोडून दिली. आपले अप्रकाशित लेखन जाळून टाकावे अशी त्याची सूचना असतानाही ब्रोडने ती त्याच्या मृत्यूनंतर, १९२५ साली छापली. यावर ‘मित्राने ऐकले असते तर आपण आत्ता घरी जेवत असतो’ असा शेरा आला होता.

दुसऱ्या शनिवारी वर्गातल्या हुशार मुलाने नागरिकशास्त्राचे दहावीचे पुस्तक आणले. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण शक्य तितक्या लवकर सांगितले पाहिजे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. सबब ही कादंबरी आपल्याकडे घडूच शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. सरांनी त्याला बसायला सांगितले नाही, खोडलेही नाही. त्यांनी फक्त पुढचे प्रकरण उघडले. के.ला चौकशीसाठी बोलावणे येते ते रविवारचे. पत्ता एका गरीब वस्तीतल्या चाळवजा इमारतीचा असतो आणि वेळ सांगितलेलीच नसते. तो स्वतःच नऊची वेळ धरून निघतो, लांझ नावाच्या सुताराची खोटीच चौकशी करीत जिने चढतो आणि शेवटी खचाखच भरलेल्या खोलीत पोहोचतो. तेव्हा न्यायाधीश त्याला ऐकवतो की तू एक तास पाच मिनिटांपूर्वीच यायला हवे होतेस. सकाळच्या शाळेला उशीर झाला म्हणून फाटकाबाहेर उभे राहण्याचा अनुभव असलेल्या आम्हा सर्वांना तो अन्याय ताबडतोब कळला. त्यानंतर न्यायाधीश वही चाळून विचारतो, ‘तुम्ही घरे रंगवता ना?’ के. एका मोठ्या बँकेतला वरिष्ठ अधिकारी असतो. नागरिकशास्त्राचे पुस्तक आणणारा आमचा मित्रही त्या वेळी हसला, पण पुस्तक त्याने दप्तरात घातले नाही. ते त्याने दर शनिवारी समोर ठेवले.

एका मुलाचे आजोबा आणीबाणीत मिसाबंदी होते आणि त्यांनी येरवड्यात अनेक महिने काढले होते. स्थानबद्धतेची कारणे न सांगण्याची मुभा त्या वेळी सरकारने कायद्यात दुरुस्ती करून घेतली होती, हे आम्हाला त्यांच्यामुळे कळले. नातू त्यांना दर आठवड्याला गोष्ट सांगे आणि त्यांचे मत पुढच्या शनिवारी वर्गात आणी. त्यांना के. मुळीच आवडला नाही. ‘आम्हाला नेले आणि आत ठेवले, याला अटक करून पुन्हा बँकेत कामाला जाऊ दिले, मग हा दर वेळी आपल्या पायांनी तिकडे कशाला जातो?’ असा त्यांचा प्रश्न होता. आत आपल्याबरोबर आपली माणसे होती, गप्पा होत्या, बौद्धिके होती. या गड्याला एकही सोबती नाही, असेही ते म्हणाले होते. त्या प्रश्नावर आम्ही दोन शनिवार घालवले. कादंबरी समजावून देणारी जी पुस्तके मी पुढे वाचली, त्यांपैकी फार थोड्यांनी माझा इतका वेळ सार्थकी लावला.

फटके मारणाऱ्याच्या प्रकरणाला मात्र कुणी हसले नाही. के.ने चौकशीत त्या दोन पहारेकऱ्यांविरुद्ध तक्रार केलेली असते. एका संध्याकाळी तो बँकेतल्या अडगळीच्या खोलीचे दार उघडतो, तर आत त्याच दोघांना त्याच्या तक्रारीवरून वेताने मारले जात असते. तो दार लावून घेतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो, तर काल होते तेच दृश्य तसेच्या तसे समोर असते. मी त्या वर्षी वर्गप्रमुख होतो. तास रिकामा असला की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम माझ्याकडे असे, आणि त्या नावांचे पुढे काय होते ते पाहायला मी कधी थांबत नसे. सर वाचत असताना ज्या दोघातिघांनी माझ्याकडे वळून पाहिले, त्यांची तोंडे मला आजही आठवतात.

टिटोरेली या चित्रकाराचे प्रकरण आम्हाला सरांनी समजावले नाही. ते समजावले वाडीवरून रोज सायकलने येणाऱ्या एका मुलाने. न्यायाधीशांची चित्रे काढणारा हा टिटोरेली के.ला सुटकेचे तीन प्रकार सांगतो. खरीखुरी निर्दोष मुक्तता, जी कुणाला मिळाल्याचे त्याने स्वतः कधी पाहिलेले नाही. दिखाऊ मुक्तता, जिच्यात माणूस घरी पोहोचतो न पोहोचतो तोच पुन्हा अटक होऊ शकते. आणि खटला कायम खालच्याच पायरीवर रेंगाळत ठेवणे, ज्यासाठी वारंवार हजेरी लावावी लागते. आम्हाला हे तत्त्वज्ञान वाटले. त्या मुलाच्या घरी चुलत्यांबरोबरचा वाटणीचा दावा चौदा वर्षे चालू होता. तो उभा राहिला आणि तारीख म्हणजे काय, साक्षीदार गैरहजर राहिला की काय होते, नक्कल काढायला किती खेटे पडतात, आणि निकाल विरुद्ध जाण्यापेक्षा तारीख पडलेली वडिलांना का बरी वाटते, हे त्याने इतक्या शांतपणे सांगितले की सरांनी पुस्तक मिटून ठेवले. ‘तिसरा प्रकार परवडतो, सर, पण दर खेपेला एक दिवसाचा रोज बुडतो,’ असे तो म्हणाला. मी आज तालुका न्यायालयात वकिली करतो. निकाल एकदम येत नाही, कारवाईच हळूहळू निकाल होत जाते, अशा अर्थाचे एक वाक्य पुढे प्रार्थनामंदिरातला धर्मगुरू के.ला सांगतो; माझ्या पक्षकारांना ते कधी वाचून दाखवावे लागलेले नाही.

त्याच धर्मगुरूने सांगितलेली द्वारपालाची गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असते. खेड्यातला माणूस कायद्याच्या दाराशी येतो, द्वारपाल त्याला ‘आत्ता नाही’ म्हणतो, आणि तो माणूस त्या दाराशीच म्हातारा होऊन मरतो. शेवटी कळते की ते दार केवळ त्याच्यासाठीच होते. सर हे फार हळू आवाजात सांगत होते. मधे एक वाक्य आले. माणूस जवळचे सगळे किडुकमिडुक लाच म्हणून देतो आणि द्वारपाल ते घेतोही, पण दर वेळी म्हणतो की आपल्या प्रयत्नात काही कसूर राहिली असे तुला वाटू नये, एवढ्याचसाठी मी हे घेतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि सात-बाराचा उतारा यांसाठी वडिलांबरोबर कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या त्या वर्गात जो हशा उसळला, तो पहिल्या दिवसापेक्षाही मोठा होता. या वेळी सरही हसले, आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले.

‘पण त्याने केले तरी काय होते?’ हा प्रश्न अर्थातच दर आठवड्याला निघे. बँकेत अफरातफर, राजद्रोह, कुणाचा तरी मत्सर अशी उत्तरे येत आणि सर ती ऐकून घेत. या प्रश्नाला वळण दिले ते एका मुलीने. सकाळी निरीक्षक के.शी बोलतो ते शेजारच्या ब्युर्स्टनर नावाच्या तरुणीच्या खोलीत, ती कामावर गेलेली असताना. तिचे मेज मधोमध ओढलेले असते, खिडकीला तिचा पांढरा ब्लाऊज टांगलेला असतो आणि बँकेतले तिघे कारकून तिचे फोटो न्याहाळत उभे असतात. अटक त्याची आणि खोली मात्र हिची उघडली, तिला कुणी विचारले का, असे त्या मुलीने विचारले. आम्हा मुलांच्या ते ध्यानातही आले नव्हते. रात्री ती परत आल्यावर के. तिची माफी मागायला जातो, तो प्रसंग सरांनी अर्ध्यावर सोडून ‘पुढचे पान घरी वाचा’ असे म्हटले. पुस्तकाची प्रत एकच होती, तेव्हा घरी कुणी वाचणार नव्हते. ती मुलगी सोमवारी ग्रंथालयात बसून ते पान शब्दकोश घेऊन वाचून आली, आणि शनिवारी उभी राहून म्हणाली की तिच्या मनात नसताना तो तिला धरून मुके घेतो. तेव्हा पहिल्या वाक्यात म्हटले आहे तसा तो सकाळी निर्दोष असेलही, रात्री नव्हता. वर्गात कुणीही वर पाहिले नाही. सर म्हणाले, ‘मी ते पान वाचायला हवे होते.’ आमच्यासमोर एखाद्या शिक्षकाने अशी कबुली दिलेली मी त्यापूर्वी ऐकली नव्हती.

शेवटचे प्रकरण नाताळच्या सुट्टीआधीच्या शनिवारी झाले. एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी उंच टोप्या घातलेली दोन माणसे येतात, के.ला दोन्ही बाजूंनी दंडाला धरून गावाबाहेरच्या दगडखाणीकडे नेतात आणि तिथे खाटकाच्या सुऱ्याने त्याला मारतात. जाताना वाटेत, एका चौकात, पायऱ्या चढून ब्युर्स्टनर पुढे आलेली दिसते. ती तीच आहे की तिच्यासारखी कुणी, हे के.लाही नक्की कळत नाही. ती पुढे आणि हे तिघे मागे, असे थोडे अंतर जाते आणि मग ती एका गल्लीत वळते. सरांनी शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाचले आणि पुस्तक मिटले. बराच वेळ कुणी उठले नाही. स्टँडकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला, तरी वाडीवरची मुलेही बसूनच राहिली.

‘सर, गल्लीत वळताना तिने मागे पाहिले का?’ असे त्या मुलीने विचारले.

सरांनी पुस्तक पुन्हा उघडले, ते पान शोधून काढले आणि मनात वाचले.

‘तसे लिहिलेले नाही,’ ते म्हणाले.

‘मग बरे केले तिने,’ असे म्हणून तिने दप्तर उचलले आणि आम्ही सगळे गाडीकडे पळालो.