आमची वाटचाल: ट्रेडिंगपासून स्वतःच्या एन्झाइमपर्यंत

नवी मुंबईत महाप्याला आमच्या गाळ्याच्या एका अंगाला प्लास्टिक मोल्डिंग, दुसऱ्या अंगाला छपाई. मधे आम्ही. इथे मानवी एन्झाइम बनतं म्हटलं की नवा टेम्पोवाला हमखास दचकतो. रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही. माणसाच्या जनुकाची प्रत ई. कोलाय जिवाणूत घातलेली असते आणि पुढची हमाली तो जिवाणू करतो.

सुरुवात निव्वळ ट्रेडिंगची. परदेशी एन्झाइम मागवायची, विमानतळावरून सोडवायची, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांना आणि कॉलेजांना पोचवायची. एखादा कागद अडला की ड्राय आइस उडून जायचा आणि कोमट झालेल्या कुपीचं बिल आमच्या गळ्यात. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली, माल येईनासा झाला, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, हे आपण इथेच का नाही करत?" तो हिशेब बघतो, त्याला सगळंच सोपं वाटतं.

निवडलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-२, म्हणजे शरीरात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यातली क्रिया झपाट्याने घडवणारं प्रथिन. सुमारे २६० अमिनो आम्लांची एकच साखळी, तिला शर्करा जोडाव्या लागत नाहीत, त्यामुळे जिवाणूला झेपते. मागणीही आहे. काचबिंदूवर देतात आणि लडाखला जाणारे उंचीच्या त्रासासाठी सोबत नेतात ते औषध, अ‍ॅसिटाझोलामाइड हेच एन्झाइम अडवतं, त्यामुळे तशा प्रकारची नवी औषधं शोधणाऱ्यांना ते चाचणीसाठी लागतं. जैवसुरक्षा समिती आणि जनुक बदललेल्या जिवाणूंसाठीच्या १९८९ च्या नियमांची कागदपत्रं यांत बराच काळ गेला. ते पुराण इथे नको.

या एन्झाइमचा जीव झिंकच्या एका अणूत आहे. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर आमच्या प्रथिनाच्या वजनाचा, म्हणजे २९ किलोडाल्टनजवळचा पट्टा कितीही ठसठशीत येवो, झिंक नसेल तर ते प्रथिन नुसतं शोभेचं. म्हणून जिवाणूंच्या खाद्यातच झिंक सल्फेट घालतो आणि प्रत्येक बॅचचं काम मोजतो. पॅरा-नायट्रोफेनिल अ‍ॅसिटेटच्या द्रावणात एन्झाइम पडलं की ते पिवळं होत जातं, तो चढ ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजता येतो. एन्झाइम न घातलेलं द्रावणही हळूहळू पिवळं पडतं, तेवढं वजा करायचं. तिसऱ्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजणीच्या छोट्या पारदर्शक नळीत, एन्झाइमसोबत अ‍ॅसिटाझोलामाइड. ती वजावट करूनही तिथे चढ उरला तर पिवळेपणा जिवाणूच्याच एखाद्या चोरट्या एन्झाइमचा, म्हणजे बॅच पुन्हा शुद्धीकरणाच्या कॉलमवर.

गिऱ्हाईक मात्र फोनवर पहिल्यांदा विचारतं, "मिलिग्रॅमला काय भाव?" आम्ही आधी अ‍ॅक्टिव्हिटीचा, म्हणजे एन्झाइम किती काम करतं त्याचा आकडा पाठवतो, मग दर. काही जण तिथेच गळतात. गळू देत. कुपीवर 'केवळ संशोधनासाठी' छापलेलं असूनही औषध म्हणून विचारणारे भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणतो.

हल्ली कर्करोगावर काम करणारे कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज-९ मागतात. ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतं, त्यावर शर्करा असतात, त्यामुळे हुबेहूब तसं हवं तर सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवाव्या लागतील. त्यासाठीच्या इन्क्युबेटरचं कोटेशन आलंय, भाऊ अजून भाव घासतोय.